गणपूर्तीअभावी

आमच्या सोसायटीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. यात मोठेपणा काही नाही. दर वर्षी सभेत मी "आता कुणीतरी नवीन पुढं या" म्हणतो आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागतात, एवढाच त्याचा अर्थ. या अकरा वर्षांत माझ्या हातून एक वाक्य इतक्या वेळा लिहून झालंय, की ते मला झोपेतही म्हणता येतं : "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही." नोटीस लावली की सभासद वरचे दहा विषय वाचत नाहीत. हे शेवटचं वाक्य तेवढं वाचतात आणि वेळेवर येत नाहीत. सहाच्या सभेला सहा वाजता मी, खजिनदार आणि सतरंजी असे तिघंच हजर असतो. साडेसहाला सभा कायदेशीर होते.

या वाक्याची खरी किंमत मला २०२४ च्या दिवाळीपाडव्याला कळली. तीही दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातल्या कॅली नावाच्या शहरामुळे.

त्याचं असं झालं. माझी लेक बेडकांवर काम करते. हे वाक्य लग्नकार्यात उच्चारलं की समोरच्याच्या हातातला जिलबीचा तुकडा वाटेतच थांबतो. "बेडकांवर म्हणजे? कापायचे असतात ते?" नाही, वाचवायचे असतात, असं म्हटलं की चेहरा आणखीच पडतो. कापण्यात निदान पुढं मेडिकलला जायची आशा असते.

त्यातही तिचा बेडूक साधा नाही. आंबोलीच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या खळग्यांत साठलेल्या पहिल्या पावसाच्या पाण्यात अंडी घालणारा हा प्राणी. असेल अंगठ्याएवढा, पण अंगावर वाघासारखे पट्टे मिरवतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिलं आणि तो आंबोलीच्या परिसराबाहेर आढळत नाही. त्याला बेडूक म्हटलं की लेक दुरुस्ती करते, "टोड म्हणा बाबा." आता मराठीत बेडूक आणि टोड हा फरक करायची आमच्या पूर्वजांना कधी गरज पडली नाही. फारच झालं तर 'भेक' म्हणत. पण पट्ट्यांवरून मला एक समजलं. त्याच पट्ट्यांचं मोठं जनावर असतं तर त्याच्यासाठी जिप्सी, गाइड, रिसॉर्ट आणि स्वतंत्र वन अधिकारी मिळाले असते. याच्यासाठी जूनच्या रात्री रेनकोट घालून, बॅटरी घेऊन दगडावर उकिडवी बसणारी एक मुलगी आहे आणि तिच्या पायाच्या जळवा काढायला मीठ घेऊन बसलेली तिची आई.

लेकीच्या धंद्याला इंग्रजीत 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' म्हणतात. मायकेल सूले नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८५ साली या शास्त्राची ओळख करून देताना ते संकटकाळाचं शास्त्र आहे असं म्हटलं होतं. म्हणजे सगळी माहिती हाती येईपर्यंत थांबता येत नाही, त्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमची कमिटी गेली अकरा वर्षं सगळे निर्णय असेच घेते आणि आम्हाला मात्र त्याबद्दल नावं ठेवली जातात.

तर या लेकीला ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलीला जायचं होतं. तिथं जैवविविधता कराराची सोळावी परिषद भरणार होती. या परिषदेला 'कॉप' म्हणतात. आमच्या वॉचमननं विचारलं, "साहेब, दीदी पोलिसात लागली?" मी त्याला समजावलं, की हे पोलीस नव्हेत, ही जगाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. फक्त ती वार्षिक नसते, दोन वर्षांनी भरते. आणि साधारण तर मुळीच नसते.

या सभेचा इतिहास लेकीनं मला जेवताना सांगितला. १९९२ साली रिओला करार झाला. १९९४ मध्ये बहामाच्या नासाऊत पहिली सभा भरली. २००२ साली द हेगला ठरलं, की २०१० पर्यंत जिवांच्या ऱ्हासाचा वेग बऱ्यापैकी कमी करायचा. २०१० उजाडलं, वेग काही कमी झाला नाही. मग जपानमध्ये नागोया इथं सगळे जमले आणि २०२० पर्यंतची २० उद्दिष्टं ठरली. २०२० मध्ये हिशोब मांडला, तर जागतिक पातळीवर त्यातलं एकही पुरतं साधलेलं नव्हतं. मग २०२२ मध्ये माँट्रियलला बसून २०३० पर्यंतची उद्दिष्टं ठरली. त्यांची संख्या २३.

"म्हणजे वीस जमली नाहीत म्हणून तेवीस केली?" मी विचारलं.

"बाबा, तसं नसतं ते."

तसंच असतं. आमच्या गच्चीची गळती २०१४ सालच्या सभेत 'पावसाळ्यापूर्वी' थांबणार होती. २०१७ मध्ये गच्ची आणि जिना. २०२१ मध्ये गच्ची, जिना आणि लिफ्टची खोली. उद्दिष्ट गाठता येत नसेल तर ते रुंद करावं. मग निदान त्यात पाय तरी पडतो.

कॅलीची सभा आधी कॅलीत व्हायचीच नव्हती. यजमान तुर्कस्तान होता. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथं भीषण भूकंप झाले, त्यांनी नाइलाजानं अंग काढून घेतलं आणि कोलंबिया पुढं आला. कोलंबियाचा अधिकारही मोठा. पक्ष्यांच्या जातींच्या बाबतीत तो देश जगात पहिला. पण त्या देशापुढं जैवविविधतेचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो वजनानं जगात भारी असावा. पाब्लो एस्कोबार या अमली पदार्थांच्या कुख्यात म्होरक्यानं १९८० च्या दशकात आपल्या खासगी प्राणिसंग्रहालयात चार पाणघोडे आणले होते. म्होरक्या १९९३ मध्ये मारला गेला. त्याचे हत्ती, जिराफ वगैरे इतरत्र नेले. पाणघोड्यांना उचलायची कुणाची छाती झाली नाही. ते राहिले, नदीत उतरले, आणि चाराचे दीडशेच्या वर झाले. आफ्रिकेत ज्याच्या घटत्या संख्येची काळजी करायची, तोच प्राणी इथं वाढतोय म्हणून काळजी करायची! मध्यंतरी त्यातले ६० पाणघोडे विमानानं भारतात, गुजरातेत धाडायचा प्रस्ताव निघाला होता. ते ऐकून आमच्या खजिनदारांनी पहिला प्रश्न विचारला, "मेंटेनन्स कोण भरणार?" २०२३ च्या नोव्हेंबरात कोलंबियाच्या पर्यावरणमंत्री सुसाना मुहम्मद यांनी जाहीर केलं, की काहींची नसबंदी करू, काहींना परदेशी पाठवू, काहींना मारावं लागेल. याच बाई कॅलीच्या सभेच्या अध्यक्ष होत्या. मला त्यांच्याबद्दल तेव्हाच आदर वाटला. पाणघोड्याच्या नसबंदीचा ठराव हाताळलेली व्यक्ती कुठलीही सभा चालवू शकते, असं मी धरून चाललो. पण तिथंच चुकलो.

लेक २१ ऑक्टोबरच्या, म्हणजे सभा सुरू होण्याच्या, आधीच पोचली आणि रोज रात्री तिचे संदेश येऊ लागले. पहिल्या दिवशी खाण्याचे फोटो : चोंतादुरो नावाचं नारिंगी फळ. उकडून, वर मीठ आणि मध घालून देतात. "चव कशी?" हिनं विचारलं. "रताळ्यानं भोपळ्याशी लग्न केल्यासारखी," लेकीचं उत्तर. दुसऱ्या दिवसापासून मात्र सभेच्या हकिगती सुरू झाल्या आणि मी खुर्ची पुढं ओढून बसलो. कारण हे सगळं मला माहीत होतं.

१९६ सभासद. प्रत्येकापुढं नावाची पाटी. आमच्याकडंही माणसांना नावानं कुणी ओळखत नाही, "तीनशेचारचं म्हणणं काय?", "दोनशेएक कधीच हो म्हणत नाहीत," असंच चालतं. अमेरिका या करारात नाहीच. सही केली १९९३ मध्ये, पण पुढं त्यांच्या सिनेटनं त्याला मान्यता दिली नाही. तरी सभेला त्यांचे लोक हजर असतात, निरीक्षक म्हणून. आमच्या शेजारच्या बंगल्याचे मालक असेच आहेत. सोसायटीचे सभासद नाहीत, वर्गणी देत नाहीत, पण आमच्या गेटवर कुठला दिवा लावावा यावर त्यांचं मत कंपाउंडवरून येतंच.

आणि ज्यांच्या आयुष्यभराच्या कामावर ही सभा उभी आहे, ते शास्त्रज्ञ? ते मागच्या रांगेत. आधी देश बोलणार, मग देशांचे गट बोलणार, मग पुन्हा देश बोलणार आणि वेळ उरला तर अध्यक्षबाई निरीक्षकांकडं वळणार. लेक चार दिवस दोन मिनिटांचं भाषण खिशात घेऊन हिंडत होती. पाचव्या दिवशी तिला कुणीतरी सांगितलं, की ते एका मिनिटात बसवा. सहाव्या दिवशी सांगितलं, की लेखी द्या, तेच बरं. आमच्याकडं भाडेकरूंना हाच दर्जा आहे. सभेला बसा, चहा घ्या, मत देऊ नका. फरक एवढाच, की तिथं भाडेकरूंनाच घराची माहिती होती.

पण खरी मौज कंसांची. सभेपुढं येणाऱ्या मसुद्यात ज्या शब्दावर एकमत झालेलं नसतं, तो शब्द चौकटी कंसात टाकतात. वाटाघाटी म्हणजे कंस सोडवणं. दिवसभर पडद्यावर मसुदा लावलेला असतो, एकेका शब्दावर एकेक देश हरकत घेतो आणि रात्री हिशोब होतो : सकाळी इतके कंस होते, आता इतके आहेत. बहुतेक वेळा वाढलेले असतात. लेकीनं एका मसुद्याचा फोटो पाठवला. त्यात शब्द थोडे आणि कंस जास्त. जणू कुणीतरी सगळं वाक्य पिंजऱ्यात घालून प्राणिसंग्रहालयात ठेवलंय.

मला ही पद्धत इतकी आवडली, की मी ती लगेच राबवली. आमच्या आवारात एक जांभळाचं झाड आहे. मे-जूनमध्ये ते पार्किंगमधल्या गाड्यांवर जांभळं टाकतं. गाड्या पांढऱ्या, डाग जांभळे. झाडावर वटवाघळं येतात, पोपट येतात आणि झाडाखाली तीनशेचार येतात, हातात मोबाइल घेऊन, फोटो काढायला, पुरावा म्हणून. पाच वर्षं हा विषय सभेपुढं आहे. मी यंदाचा ठराव असा मांडला : "[सोसायटी] [इच्छुक सभासद] आवारातील जांभळाचे झाड [तोडणार नाही] [छाटेल] [शक्यतो] [महापालिकेच्या परवानगीने] [स्वखर्चाने] [गाड्या हलवून] [पुढील पावसाळ्यापूर्वी]." सगळ्यांचं समाधान झालं. प्रत्येकाला आपला शब्द त्यात सापडला. पाच वर्षांत पहिल्यांदा सभा भांडणाशिवाय संपली.

दुसरं रत्न म्हणजे 'नॉन-पेपर'. चर्चा अडली की अध्यक्ष एक कागद फिरवतात. तो अधिकृत नसतो, कुणाचा नसतो, उद्या कुणी विचारलं तर तो नव्हताच. म्हणून त्याचं नाव नॉन-पेपर. कागद, जो कागद नाही! एवढं अद्वैत मी शंकराचार्यांनंतर पाहिलं नव्हतं. आमच्याकडंही असे कागद असतात. लिफ्टमध्ये रात्री कुणीतरी चिकटवतं, 'कबुतरांना दाणे टाकणाऱ्या सभासदांनी लाज बाळगावी'. खाली सही नसते. अक्षर तीनशेचारांचं असतं. पण त्याला नॉन-पेपर म्हणतात हे माहीत नसल्यामुळं आम्ही उगाच चौकशी समिती नेमत होतो.

मग क्रियापदं. तिथल्या ठरावांत 'करू' हे क्रियापद शोधून सापडत नाही. सभा एखाद्या गोष्टीचं 'स्वागत करते', एखादीची 'नोंद घेते', कुणाला 'आवाहन करते', कुणाला 'प्रोत्साहन देते', कुणाला 'निमंत्रित करते', आणि फारच झालं तर 'आग्रहानं विनंती करते'. यातल्या कुठल्या शब्दाचं वजन किती, यावर माणसं पहाटे तीनपर्यंत भांडतात. लेक म्हणाली, "बाबा, 'नोंद घेते' आणि 'स्वागत करते' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे." मला कशाला सांगते? सरकारी कचेरीत अर्ज केलेल्या माणसाला 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे' याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. मी घरीही वापरून पाहिलं. हिनं पडदे धुवायला काढायला सांगितले. मी म्हटलं, "नोंद घेतली." ती म्हणाली, "मी आग्रहानं विनंती करते." त्या स्वरात ती करार मोडण्याची धमकी होती. पडदे काढले.

गृहपाठाचंही तेच. माँट्रियलला ठरलं होतं, की प्रत्येक देशानं आपला सुधारित कृती-आराखडा पुढच्या सभेपर्यंत करून आणायचा. १९६ पैकी कॅलीची सभा संपेपर्यंत ४४ जणांनी आणला. आपण त्या ४४ मध्ये होतो, हे अभिमानानं सांगतो. आपण तो सभा चालू असतानाच दिला, हे हळू आवाजात सांगतो. वर्गात बाई वह्या गोळा करत पहिल्या बाकापासून निघाल्या, की शेवटच्या बाकावर उत्तम निबंध लिहून होतो, हे आपल्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, की अशा सभांनी होतं तरी काय? असं अगदीच नाही. अकरावी परिषद २०१२ च्या ऑक्टोबरात आपल्याकडं हैदराबादला झाली होती. तिच्या निमित्तानं तिथं जैवविविधता उद्यान झालं आणि उद्यानापाशी चौक. त्या चौकाला आता सगळे 'बायोडायव्हर्सिटी जंक्शन' म्हणतात. पुढं तिथं उड्डाणपूलही झाला. मेव्हण्याकडं गेलो होतो तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "बायोडायव्हर्सिटी में बहुत जाम है साब." तिथं तो शब्द रोज हजारो माणसांच्या तोंडी असतो. इतका लोकप्रिय तो जगात इतर कुठं झाला असेल, असं मला वाटत नाही.

गावपातळीवर तर आपला कायदाच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं गावातल्या झाडापाखरांची लोक-नोंदवही ठेवायला हवी. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या नोंदवहीसाठी आयुष्यभर धडपड केली. कल्पना अशी, की गावातल्या म्हाताऱ्या वैदूला, गुराख्याला, मासे धरणाऱ्याला जे ठाऊक आहे, ते लिहून ठेवायचं. या समितीचं इंग्रजी लघुरूप बीएमसी. लेक एकदा कोकणातल्या एका गावी गेली आणि म्हणाली, "मला तुमच्या बीएमसीच्या लोकांना भेटायचंय." सरपंच म्हणाले, "ते मुंबईला."

असो. कॅलीकडं वळू.

सभेचा शेवटचा दिवस १ नोव्हेंबर. आमच्याकडं लक्ष्मीपूजन. कॅली आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं, त्यामुळं तिथली शुक्रवारची रात्र म्हणजे आमची पाडव्याची सकाळ. लेक पहिल्यांदाच दिवाळीला घरी नव्हती. नरकचतुर्दशीला कारीट फोडायला मिळालं नाही म्हणून तिनं तिथून हळहळ व्यक्त केली. इथं आम्हालाही मिळालं नव्हतं. मंडईत तीन बायकांना विचारलं, तिघींनी माझ्याकडं नरकासुराकडं बघावं तसं बघितलं. पूर्वी कुंपणाकुंपणावर ते वेल असायचे. लेक म्हणाली, "बघा, म्हणून मी इथं आलेय." मी म्हटलं, "मग येताना एक कारीट मंजूर करून आण."

समारोपाची सभा यूट्यूबवर थेट दिसत होती. पाडव्याला सकाळी अभ्यंगस्नान करून, फराळाची ताटं मांडीवर घेऊन आम्ही टीव्हीवर जगाची सर्वसाधारण सभा लावली. ही मागच्या रांगांत लेक दिसते का ते शोधत होती. चिरंजीव, म्हणजे लेकीचा धाकटा भाऊ, चकल्या मोजत होता. मी सभा बघत होतो. हातोडा बघत होतो, खरं तर. त्या सभेत मतदान सहसा होत नाही, सर्वसहमती लागते. म्हणजे कुणी हरकत घेतली नाही असं दिसलं, की अध्यक्ष हातोडा आपटतात आणि ठराव मंजूर. यातली कला हरकत येण्याआधी आपटण्यात आहे. २०२२ मध्ये माँट्रियलला पहाटेच्या सुमारास काँगोच्या प्रतिनिधीनं मसुद्याला आपला पाठिंबा नाही असं सांगितलं, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या चीनच्या मंत्र्यांनी थोड्याच वेळात हातोडा आपटला. करार मंजूर! काँगोवाले संतापले, टाळ्या वाजत राहिल्या. मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलंय. आमच्याकडं पार्किंग शुल्कवाढीचा ठराव मी असाच, वीज गेली त्या क्षणी मंजूर करून घेतला होता.

कॅलीत रात्र चढत गेली, आमच्याकडं दुपार झाली. काही चांगलं घडत होतं. आदिवासी आणि मूळ रहिवाशांसाठी या करारात कायमची समिती करायचा ठराव झाला, आणि सभागृहात जो जल्लोष झाला त्यानं आमच्या चिरंजीवांनीही चकली खाली ठेवली. माणसं रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. हीसुद्धा पदराला डोळे पुसत म्हणाली, "कोण हो ती?" मला माहीत नव्हतं. पण ज्यांना तीस वर्षं मागं बसवलं त्यांना पुढं खुर्ची मिळाली, एवढं कळलं.

मग कॅली निधी. ही गोष्ट लेकीनं फोनवर समजावली होती. समजा तिच्या टोडच्या जनुकांची सगळी मांडणी, म्हणजे त्याची कुंडली म्हणा, संगणकावर ठेवली. कुणी परदेशी कंपनीनं ती वाचून औषध केलं, पैसा केला. टोडला काय मिळालं? सड्याला काय मिळालं? म्हणून ठरलं, की अशा मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उत्पन्नाचा ०.१ टक्का या निधीत द्यावा. निधीतला निदान अर्धा वाटा मूळ रहिवासी आणि स्थानिक समाजांना जावा. मी उभा राहून टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात लेकीचं पुढचं वाक्य आठवलं : हे देणं ऐच्छिक आहे. ऐच्छिक वर्गणीचा आमचा अनुभव मोठा आहे. गणपतीत आम्ही दारोदार जातो, तेव्हा सगळ्यात मोठ्या फ्लॅटमधून कामवाली बाई सांगते, "साहेब बाथरूममध्ये हैत."

आणि मग शेवटचा विषय आला. पैशांचा. २०३० पर्यंत वर्षाला २०० अब्ज डॉलर उभे करायचे होते. त्यातले श्रीमंत देशांनी किती, कुठल्या पेटीतून, पेटीची किल्ली कुणाकडं. अजेंड्यावर पैशांचा विषय शेवटी ठेवायचा नसतो, हे मी कॅलीला पत्रानं कळवायला हवं होतं. शेवटच्या विषयापर्यंत माणसं टिकत नाहीत. आमच्याकडं टिकत नाहीत कारण साडेआठला मालिका असते. तिथं टिकली नाहीत कारण सकाळची विमानं होती.

रात्रभर बसलेली सभा. तिथं शनिवारची सकाळ उजाडली. आमच्याकडं दिवेलागण झाली. ही औक्षणाचं ताट घेऊन आली, पाडव्याचं मला ओवाळायला. टीव्हीवर पाट्यांच्या मागच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या दिसत होत्या. कुणीतरी गणपूर्ती तपासा म्हटलं. तपासली. पुरेसे देश नव्हते. दोन-तृतीयांश लागतात, म्हणजे १३१. लहान देशांचे प्रतिनिधी बिचारे दोघं-तिघं असतात, स्वस्तातली तिकिटं, बदलायला पैसे नाहीत. ते विमानतळावर होते. सुसानाबाईंनी सभा स्थगित केली.

मी निरांजनासमोरच ओरडलो, "अर्ध्या तासानं! त्याच ठिकाणी!"

"अहो, हलू नका," ही म्हणाली.

पण मला राहवेना. जगातले १९६ सभासद, तीस वर्षांचा अनुभव, सहा अधिकृत भाषा, आणि सहापैकी एकाही भाषेत हे वाक्य लिहायचं कुणाला सुचलं नाही! आमच्या उपविधींमध्येही गणपूर्ती दोन-तृतीयांशच आहे. पण पुढं लिहिलंय, 'किंवा वीस, यांपैकी जे कमी असेल ते'. वीस! वीस देश तर त्या सभागृहात खुर्चीवर झोपलेलेही सापडले असते. आमच्या सोसायटीचा उपविधी त्यांच्याकडं असता, तर त्या सकाळीच २०० अब्ज डॉलर मंजूर होऊन गेले असते. खजिनदार आणि सतरंजी यांच्या साक्षीनं.

"विमानासाठी जगाची सभा सोडून जातात!" मी म्हणालो. "एक दिवस उशिरा गेलं तर काय बिघडतं? बेजबाबदारपणा, दुसरं काय!"

तेवढ्यात फोन वाजला. लेक. मागं विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती.

"बाबा, मी गेटवर आहे. सभेचं काय झालं शेवटी?"

"तू निघालीस?"

"मग? तिकीट तुम्हीच काढलंय. नॉन-रिफंडेबल. भाऊबीज चुकायला नको म्हणून."

मी टीव्ही बंद केला. निरीक्षक गणपूर्तीत मोजत नाहीत, हे मी हिला दोनदा सांगितलं. हिनं माझ्याकडं एकदाच बघितलं.

भाऊबीज चुकलीच. ३ तारखेला लेक दोन विमानतळांच्या मध्ये कुठंतरी होती. ती ४ च्या सकाळी घरी पोचली, डोळे सुजलेले, गळ्यात अजून सभेची पट्टी, बॅगेत माझ्यासाठी कोलंबियाची कॉफी आणि आईसाठी मीठ लावून वाळवलेलं काहीतरी, जे अजून ओळखू आलेलं नाही. तहकूब भाऊबीज त्याच ठिकाणी घेण्यात आली. गणपूर्ती : एक बहीण, एक भाऊ. विषय क्रमांक एक, औक्षण. मंजूर. विषय क्रमांक दोन, ओवाळणी. यावर चिरंजीवांनी सांगितलं, की ते ओवाळणीच्या तत्त्वाचं स्वागत करतात, बहिणीच्या अपेक्षांची नोंद घेतात, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षातली आपली परिस्थिती लक्षात घेता निधी-उभारणीचा प्रश्न पुढील सभेवर ठेवण्याची विनंती करतात. लेकीनं अनुभवी डोळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तबकातला लाडू परत घेतला.

कॅलीची तहकूब सभा पुढं रोमला झाली, २५ ते २७ फेब्रुवारी २०२५. या वेळी सगळे थांबले. शेवटच्या रात्री पैसे कसे उभे करायचे याचा आराखडा मंजूर झाला. पैसे अजून नव्हते, पण आराखडा होता, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आमच्या सभेत जांभळाचे कंस त्याच महिन्यात पुन्हा निघाले आणि पुन्हा सुटले नाहीत. तीनशेचार 'छाटेल' सोडायला तयार नाहीत, दोनशेएक 'तोडणार नाही' सोडायला तयार नाहीत, खजिनदार 'स्वखर्चाने' सोडायला तयार नाहीत. त्यामुळं झाड उभं आहे, आणि यंदा बहर चांगला आहे.

रोमची बातमी लेकीनं भावाला पाठवली, खाली काही न लिहिता. दहा मिनिटांनी तिच्या खात्यात ५०१ रुपये जमा झाले. सोबत संदेश : "पहिला हप्ता. उर्वरित २०३० पर्यंत. शक्यतो."

तिनं उत्तर दिलं : "[धन्यवाद]".